मागच्या चाकातली हवा

मी सायकल आहे, मित्रांनो. जुनी, लेडीज, आणि बोलायला जरा करकरीत. गोड बोल म्हणाल तर जमायचं नाही, माझी चेन कायम कोरडी असते. पाहिलं तेवढं सांगते.

लुधियानाच्या कारखान्यात मला जोडलं, मंचरच्या दुकानात टांगलं आणि महाळुंगे पडवळच्या खंडूबाबांनी त्यांच्या कल्याणीसाठी विकत घेतलं. ती तेव्हा दहावीत होती. मला दामटत शाळेत न्यायची, वाटेत उगाच घंटी वाजवायची आणि पंक्चरसुद्धा स्वतःच काढायची. बाया म्हणायच्या, "खंडूची पोरगी बघा, सायकलीवर जाती." माझी छाती फुगायची, म्हणजे असती तर फुगली असती.

कल्याणीचं लग्न ओतूरच्या रत्नदीपशी झालं आणि भांड्याकुंड्यांबरोबर मीही टेंपोत बसून इकडे आले. मग माझे दिवस फिरले. गवताचे भारे वाहिले, दुधाच्या किटल्या वाहिल्या आणि शेवटी गोठ्यामागे पडले. सीटवर कोंबड्या बसायच्या. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

कल्याणीची लेक प्रतीक्षा आठवीत गेली आणि तिला संध्याकाळचा क्लास लागला. तेव्हा मला बाहेर काढून धुतलं, नवे टायर घातले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जिथं ऊस, तिथं बिबट्या. पोरं अंधाराच्या आत घरात लागतात. उशीर झालाच तर रस्त्यानं येईल ती गाडी थांबते आणि पोरांना बसवून घेते. गाडी कोणाची, हे कोणी विचारत नाही. पोर पत्र्याच्या आत बसलं की सुखरूप, असं सगळे धरून चालतात. बिबट्याची एवढी धास्ती की माणसाची धास्ती कोणाच्या मनातच येत नाही.

ऋषी एका डेअरीच्या पिकअपवर होता. रोज संध्याकाळी वस्त्या फिरून दूध गोळा करायचा. वय तिशीचं, बोलायला मिठ्ठास. आल्याआल्या रत्नदीपला "जय भीम, भाऊ" म्हणायचा, कल्याणीला ताई म्हणायचा, दुधाची फॅटही सढळ हातानं लावायचा, म्हणजे भाव जास्त मिळायचा. घरचे खूश होते.

थंडीत दिवस लवकर मावळायला लागला आणि त्याच सुमारास माझ्या मागच्या चाकातली हवा जायला लागली. क्लास सुटला की टायर जमिनीला चिकटलेला. पोरगी रडकुंडीला यायची आणि नेमकी तेवढ्यात पिकअप यायची. "आज पन पंक्चर? चल, बस. वाटंला बिबट्या दिसलाय म्हनं." मला मागे किटल्यांत आडवी टाकायचा, तिला पुढे बसवायचा. हवा कोण सोडायचं ते मी बघत होते, पण माझं ऐकतो कोण?

पिकअपची मागची काच फुटकी होती, त्यामुळे बोलणं सगळं कानावर यायचं. आधी अभ्यासाच्या, मैत्रिणींच्या गप्पा. मग, "तू इतर पोरींवानी नाय, लई समजूतदार हायेस." मग, "आई सारखी वरडती ना? तिला नाय कळायचं तुझं." मग एक जुना मोबाइल दिला, दप्तराच्या तळाशी लपवायला. त्यावर मेसेज यायचे, वाचले की पुसायचे. "आपल्या दोघातच ठेव. घरी सांगशील तर क्लास बंद करतील, सायकल काढून घेतील." रोज इतकं थोडं थोडं पुढे सरकायचा की कालच्यापेक्षा आज काही वेगळं वाटू नये. शेवटी तो तसले फोटो मागायला लागला. पोरीनं नाही म्हटलं, तसा त्याचा आवाज फिरला. "आधीचं मेसेज दावू का तुझ्या पप्पांना?" त्या दिवशी उतरल्यावर मला दारातच आडवी टाकून ती आत पळाली. मला फार वाईट वाटलं.

प्रतीक्षा धड जेवेना, धड बोलेना. कल्याणीला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. दोन दिवस क्लासला सुट्टी होती, तेव्हा तिनं मला हवा भरली. दुसऱ्या दिवशीही टायर दगडासारखा घट्ट. तिनं ट्यूब काढून बादलीत बुडवून पाहिली, एक बुडबुडा आला नाही. म्हणजे हवा घरी जात नव्हती, क्लासच्या दारातच जात होती. कल्याणीनं ओले हात पदराला पुसले.

मग तिनं लेकीला जवळ बसवलं. "बाळा, तुझ्या चाकाची हवा कोन सोडतंय गं? मी रागावनार नाय."

पोरगी ट्यूब चाचपायला लागली. मग सगळं बाहेर आलं, मोबाइलसकट. ती उरलेले मेसेज पुसायला लागली, तशी कल्याणीनं हात धरला. "राहू दे. पोलिसांना दावायला लागंल. आन् ह्यात तुझी चूक नाय, कळलं?"

संध्याकाळी रत्नदीप आला. ऐकून त्याचं डोकंच फिरलं. "त्याला बघतोच मी. आन् उद्यापासून क्लास बंद. ही सायकल भंगारात."

प्रतीक्षानं आईकडं एकदा पाहिलं, दप्तर उचललं आणि आत निघाली. मी भिंतीला टेकून होते. मला भंगाराची भीती वाटली नाही, तिच्या तोंडाकडं बघून वाटली. ही पोर आता पुन्हा काही सांगणार नव्हती.

कल्याणी दारात रत्नदीपला आडवी आली. "तो हिला रोज हेच सांगत व्हता. घरी सांगशील तर क्लास बंद, सायकल बंद. आता तुमी त्याचा शब्द खरा करून दावताय."

रत्नदीप खाली बसला. लेकीला म्हणाला, "इकडं ये, बाळा. क्लास नाय बंद व्हनार."

त्यांनी मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन केला आणि मोबाइल घेऊन पोलिसांत गेले. साध्या कपड्यातल्या एका पोलीस बाईनं प्रतीक्षाचं म्हणणं लिहून घेतलं, आई शेजारी होती. ऋषीवर गुन्हा दाखल झाला. शेजारची साळुबाई म्हणाली, "गप बसायचं, पोरीचं नाव खराब व्हईल." कल्याणी म्हणाली, "नाव त्याचं खराब व्हईल, मावशी." प्रतीक्षा मैत्रिणींबरोबर क्लासला जायला लागली. अजून मागून गाडी आली की दचकते. ते लगेच जात नाही.

मित्रांनो, कोणी लाडानं म्हणालं, घरी सांगू नको, तर ते त्याच दिवशी घरी सांगा. आणि मोठ्या माणसांनो, मला तेल नाही दिलंत तरी चालेल. पण पोर सांगायला आलं, तर त्याचं काय बंद करायचं हे आधी ठरवू नका. त्याला एकदा जरी सांगितल्याची शिक्षा मिळाली, तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडं येणार नाही, मुकाट्यानं त्या माणसाच्या गाडीत जाऊन बसेल.