दिवंगतांचं बीजभाषण

आमंत्रण आलं तेव्हा बाई आधी हसल्या, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी आळीत सगळ्यांच्या ओळखीची होती. ती दिसली की भाजीवाला न सांगता वजन पुन्हा करायचा.

बाईंची उभी नोकरी बँकेत सह्या पडताळण्यात गेली. सही खरी की खोटी, दिवसभर तेवढंच बघायचं. असं आयुष्य काढलेल्या माणसाला पुढे पुढे खरी सही दिसायचीच बंद होते. आळीनं त्यांचं नाव 'फौजदारीणबाई' ठेवलं होतं आणि वरवर चिडत असल्या तरी ते त्यांना मनातून आवडायचं. नवरा मात्र देवमाणूस. कॉलेजात रेनेसान्सकाळातली नाटकं शिकवून निवृत्त झालेला, आणि अजूनही सगळ्यांचा 'सर'. रस्त्यात कुणी "काय सर, कसं काय?" म्हणालं, तर सर थांबून खरंच कसं काय ते सांगत बसायचे. अशा माणसाला फसवायला अक्कल लागत नाही हो, नुसता वेळ लागतो.

आमंत्रण ईमेलवर आलं होतं. रेनेसान्स नाटकावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरतेय, देशोदेशीचे अभ्यासक येणार आहेत, आणि उद्घाटनाचं बीजभाषण सरांनीच करावं. 'आपल्या निबंधानं आम्हा सर्वांची दृष्टी बदलली,' असंही त्यात होतं.

"कुठला हो निबंध?" बाईंनी विचारलं.

"अगं, तोच. 'प्रेतं कोण उचलतं?'"

सर उमेदीत होते तेव्हा लिहिलेला तो निबंध. त्या काळच्या रंगमंचाला पुढचा पडदा नसायचा. नाटकात राजाचा खून झाला की मेलेला नट उठून आत कसा जाणार? मग दोन नोकर यायचे आणि त्याला उचलून न्यायचे. त्या नोकरांना नाव नाही, धड वाक्य नाही. सरांनी सगळा निबंध त्या उचलणाऱ्यांवरच लिहिला होता. कोण हळूच धरतो, कोण उचलता उचलता अंगठी काढून घेतो, कोणाला रडू येतं पण रडायचा हक्क नसतो. ज्या इंग्रजी मासिकात तो छापून आला, ते पुढच्याच अंकाला बंद पडलं. "तुमच्या निबंधानंच उचललं त्याला," असं बाई पाहुण्यांसमोर सांगायच्या, आणि सर सगळ्यांबरोबर हसायचे.

आता तुम्हीच सांगा, असला निबंध वाचून कुणी माणसाला बीजभाषणाला बोलावेल?

बाईंनी ईमेल पुन्हा पुन्हा वाचला. फोटो पाठवा म्हणे. ओळखपत्राची प्रत पाठवा. परिचय पाठवा, भाषणाचा सारांश पाठवा.

"फोटो हवा, ओळखपत्र हवं! उद्या तुमच्या नावावर कुणीतरी सिमकार्ड घेईल आणि पोलिस येतील आपल्या दारात."

"अगं, पत्रिकेत छापायला लागतो फोटो. राहायच्या खोलीसाठी ओळखपत्र लागतं."

"आणि तुमची दृष्टी कोणी बदलली, ते नाही विचारलं त्यांनी?"

धाकट्या दिरानं तर फोनवर आगीत तेलच ओतलं. "वहिनी, शंभर टक्के फ्रॉड. दादाला कोण ओळखतंय? वेबसाइटचं काय, आजकाल शेंबडं पोरही बनवतं."

बाईंना संशय यायला नुसता स्वभावच कारण नव्हता. दोन वर्षांपूर्वी सर असेच एका 'जीवनगौरव' पुरस्काराला गेले होते. हॉटेलातला हॉल, आणि जमलेल्या प्रत्येकाला जीवनगौरव. त्यात एक दाताचे डॉक्टर होते, एक केसांच्या तेलाचे कारखानदार होते. सर घरी आले, सन्मानचिन्ह पुस्तकांच्या मागे ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी त्यांचा चेहरा बाईंनी पाहिला होता. तो परत बघायची त्यांची तयारी नव्हती. खरी गोष्ट ही, बरं का. बाकी सगळं फौजदारकीचं सोंग.

पण सर ऐकेनात. सकाळी उठले की टेबलाशी. कागदावर कागद. मध्येच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हे बघ, सुरुवात राजापासून करू का उचलणाऱ्यापासून?"

"भांडी घासणाऱ्यापासून करा," बाई म्हणायच्या.

मेल बघणं, मेल करणं, सगळं बाईंकडेच. सरांना टायपिंग जमत नसे. फोटोची आठवण करणारं आणखी एक पत्र आलं तेव्हा मात्र बाईंचं डोकं फिरलं. सर बाहेर फिरायला गेले होते. बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: 'कळवण्यास दुःख होते की सरांचे निधन झाले. कृपया पुन्हा पत्र पाठवू नये. त्यांची पत्नी.'

बोट क्षणभर थांबलं, नाही असं नाही. पण मेल्याची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढतं म्हणतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि बटण दाबलं. लगेच त्यांचा पत्ताही ब्लॉक करून टाकला. न जाणो, चोर सांत्वनाला यायचे.

"त्यांचं काही आलं का गं?" सर रोज विचारायचे.

"नाही अजून."

"गडबडीत असतील. परिषद भरवणं म्हणजे लग्नघर असतं."

दिवस जवळ आले, उत्तर नाही, तरी सर बॅग भरायला लागले. "बोलावलंय ना? तारीख दिलीय, जागा दिलीय. मग जायचं." बाईंनी विचार केला, जाऊ दे. कुलूप लावलेलं सभागृह एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, म्हणजे कायमचे शहाणे होतील. आपण बरोबर असलं म्हणजे झालं. सांभाळून घरी आणू. त्यांनी सरांचा चांगला कोट इस्त्री केला, आणि तो करताना त्यांना रडू आलं ते सरांना दिसलं नाही.

विद्यापीठाच्या फाटकावर मोठा फलक लावलेला होता.

"फलक काय, कुणीही छापतं," बाई म्हणाल्या.

आत गेले तर जिन्यावर, पायऱ्यांवर, झाडाखाली माणसंच माणसं. गोरी, काळी, सावळी, सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी. दोघं म्हातारे एका नाटकाच्या शेवटावरून हमरीतुमरीवर आले होते. एवढी माणसं भाड्यानं आणता येतात का, हा विचार बाईंनी करून पाहिला, पण तो टिकेना.

सर चहाच्या टेबलाकडे वळले. बाई मात्र थेट नोंदणीच्या टेबलाशी गेल्या. कशीही वेळ असो, पडताळणी आधी. पट्ट्या वाटणाऱ्या मुलीला त्यांनी सरांचं नाव सांगून विचारलं, "या नावाचे कुणी वक्ते आहेत का तुमच्याकडे?"

मुलीचा चेहराच उतरला. "तुम्ही सरांच्या कोण?"

"बायको."

मुलगी टेबलाला वळसा घालून धावत आली आणि तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "काकू! तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही सगळे सुन्न झालो हो. किती उत्तरं पाठवली, एकही पोचलं नाही. तुम्ही स्वतः याल असं वाटलंच नव्हतं."

तिच्या मागे लाकडी घडवंचीवर एक फळा उभा केलेला होता. 'बीजभाषणाऐवजी स्मृतिसत्र,' आणि खाली सरांचं नाव, नावाआधी 'कै.' फोटोची जागा रिकामी. फोटो पाठवलाच कुठे होता?

बाईंनी वळून पाहिलं. सर हातात चहाचा पेला घेऊन उभे होते आणि फळा वाचत होते. सर काहीही वाचायचे ते दोनदा वाचायचे. तसं त्यांनी दोनदा वाचलं. मग बाईंकडे पाहिलं. व्यवहारात कच्चा असला, तरी तो माणूस जन्मभर कटकारस्थानांची नाटकं शिकवत आलेला. कुणी काय केलं ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"आणि हे आपले...?" मुलीनं विचारलं.

"मी यांच्या सोबतीला आलोय," सर म्हणाले. "मी मागे बसतो. तुम्ही यांना पुढे न्या."

नेलं की पुढे! पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर. शेजारी परिषदेच्या अध्यक्षबाई, परदेशी, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी काही न बोलता बाईंच्या हातावर हात ठेवला. बाई सारख्या मागे वळून बघत होत्या. सर शेवटच्या रांगेत बसले होते, मांडीवर बॅग, बॅगेत भाषण. आता हे काय करणार? ओरडणार? उठून निघून जाणार? त्यांच्या गप्प बसण्याचाच बाईंना आता संशय यायला लागला. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, म्हणून तर भीती जास्त.

अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझी आई लोकांच्या घरी फरशा पुसायची. मी नाटकं शिकायला गेले, तर सगळी नाटकं राजेराण्यांची. मला वाटलं, आपलं इथे काही काम नाही. शिक्षण सोडायच्या बेतात होते, तेव्हा ग्रंथालयात एका बंद पडलेल्या मासिकाचा अंक हाताशी आला. पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की राजा पडल्यावर बघत राहू नकोस, त्याला उचलायला कोण येतं ते बघ.

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी सवयीनं त्या पाण्याकडे निरखून पाहिलं, कुठे खोटेपणाची खूण दिसते का. सही खरी होती.

"हा निबंध वर्गात शिकवलाय अशांनी हात वर करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. सभागृहभर हात वर झाले. पुढे, मागे, माडीवर. बाई वळून बघतच राहिल्या. त्या सगळ्या हातांच्या मागे सर मान खाली घालून बसले होते.

"आज त्यांच्या पत्नी आपल्यात आहेत. त्यांनी चार शब्द बोलावेत अशी विनंती करते."

बाई उठल्या. पायऱ्या चढताना त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. चार गोड शब्द बोलायचे, डोळे टिपायचे, खाली यायचं. कुणाला काही कळणार नाही. सरांनी स्वतःच तशी वाट करून ठेवली होती. फक्त मग सरांनी या सभागृहात पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही. मेलेला माणूस बोलणार कसा?

माइक त्यांच्या तोंडापेक्षा उंच होता. कुणीतरी येऊन तो खाली केला.

"ते जिवंत आहेत," बाई बँकेतल्या इंग्रजीत म्हणाल्या.

लोकांना बिचाऱ्यांना वाटलं, निबंधात जिवंत आहेत असं म्हणतायत. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"अहो, तसं नाही! खरंच जिवंत आहेत. ते काय शेवटच्या रांगेत, चष्मा पुसतायत ते. ते पत्र मी लिहिलं. ते खोटं होतं."

शेकडो माना एकदम मागे वळल्या. कुजबुज सुरू झाली. अध्यक्षबाई उभ्याच राहिल्या, आणि अगदी हळू, न रागावता त्यांनी विचारलं, "पण का?"

"मला वाटलं, तुम्ही लबाड लोक आहात."

इथं थांबल्या असत्या तर निभावलं असतं. लोक हसायलाही लागले होते. पण खरं बोलायला एकदा सुरुवात झाली की मध्येच कुठे थांबायचं ते बाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

"मला वाटलं, यांना खरोखरचं कोण बोलावणार?"

माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द गेला.

सर उठले. बॅग सावरत मधल्या वाटेनं पुढे येऊ लागले, तशी माणसं उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. कुणी हात धरत होतं, कुणी नुसतंच खांद्याला हात लावून बघत होतं. अध्यक्षबाईंनी तर त्यांना मिठीच मारली. सर हसत होते, मान लववत होते. वर आले, बॅगेतून कागद काढून नीट लावले. मग माइकवर हात ठेवला आणि बाईंच्या कानाशी वाकले.

"मेलो म्हणून कळवलंस, त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "पुढेमागे हसलो असतो त्यावर. पण तू मला असं समजतेस, हे मला माहीत नव्हतं."

बाईंना 'नाही हो' म्हणायचं होतं. पण जन्मभर खऱ्याखोट्याची पारख केलेल्या बाईला तेवढे दोन शब्द खरे करून म्हणता येईनात. त्या खाली आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या.

सर बोलायला लागले. इतक्या वर्षांत बाई त्यांच्या वर्गात एकदाही गेल्या नव्हत्या, त्यामुळे हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. घरातला अडखळणारा, विचारत राहणारा आवाज तो नव्हेच. लोक भराभर लिहून घेत होते, मध्येच हसत होते, मध्येच श्वास रोखत होते. बाईंनाही सगळं समजत होतं. किती सोपं करून सांगतायत, त्यांच्या मनात येत होतं, आणि हे सगळं ते मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायला येत होते.

सर सगळ्यांकडे बघून बोलत होते. डावीकडे, उजवीकडे, वर माडीकडे, पार मागच्या दाराशी उभ्या असलेल्यांकडे. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीकडे मात्र त्यांनी भाषण संपेपर्यंत पाहिलं नाही.