पुसलेले सातवे प्रकरण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिन्याखाली तिरप्या छताची एक खोली आहे, तिथल्या कपाटावर मी असतो. माझ्या अंगावर धूळ आहे, झाकणाची एक बिजागरी निखळली आहे, आणि पोटातला रबरी पट्टा इतका सैल झाला आहे की माझ्यातून कोणीही बोलले तरी झोपेत बोलल्यासारखे वाटते. त्याचे मला दुःख नाही. वय झाले की असे व्हायचेच. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. खाली बसलेली ही मुले सकाळपासून मंडळाचा फलक निळा असावा की हिरवा यावर वाद घालत आहेत. दोन तास झाले! म्हणून म्हटले, आता आपणच तोंड उघडावे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. एवढेच आठवते की एका बाईने माझी सगळी बटणे एकेक करून दाबली, कान लावून ऐकले आणि म्हणाली, "हा बरा आहे." ती माझी पहिली स्तुती. दुसरी व्हायला बरीच वर्षे लागली.

मी एका घड्याळजीच्या घरी गेलो. माणूस हाताने फार हळुवार. दर रविवारी सकाळी तो काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि माझे डोके पुसायचा. डोके म्हणजे फितीवरचा आवाज ओळखणारा माझ्यातला तो चकचकीत तुकडा. त्याला मळ लागला की मी बोबडा होतो. घड्याळजीला पाच मुले. सगळ्यांत मोठी मुलगी विद्यापीठात शिकायला निघाली तेव्हा तिने मला उचलले. घरात तिला थोरली म्हणत, आणि ती होतीच तशी. चार भावंडांची नाके पुसून झाल्यावर तिला जगातल्या कोणाचेही नाक पुसल्याशिवाय राहवत नसे.

"गाणी ऐकायला नेतेस ना?" वडील म्हणाले. "अभ्यास बुडवशील."

"अभ्यासालाच नेते, बाबा."

तेव्हा ती चक्क खोटे बोलत होती. पुढे ते खरे झाले.

वसतिगृहात थोरलीच्या खोलीत दुसरी एक मुलगी होती. ती कायदा शिकत होती म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. वकीलबाईला लहानपणापासून दिसत नव्हते. त्या काळी कायद्याची जाडजूड पुस्तके बोटांनी वाचता येतील अशा उठावाच्या लिपीत मिळत नसत. कोणी वाचून दाखवले तरच अभ्यास, नाहीतर नाही. आदल्या वर्षी साक्षीपुराव्याच्या पेपरात ती नापास झाली होती, कारण त्या पुस्तकातले सातवे प्रकरण तिला कोणी वाचून दाखवलेच नव्हते. "पुढच्या आठवड्यात नक्की" असे मात्र अकरा जणांनी सांगितले होते. त्या पेपराला बसायची आता एकच संधी उरली होती, तीही शेवटच्या वर्षाच्या परीक्षेबरोबर. ती हुकली की पदवी गेली.

थोरली रोज जेवणानंतर तिला वाचून दाखवू लागली. पंधरा दिवसांत थोरलीचा घसा बसला. मग तिने मला पुढ्यात घेतले, कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबून म्हणाली, "एकदाच वाचते. तू हवं तितक्यांदा ऐक." वकीलबाईने ते पहिले प्रकरण ऐकले, मागे नेऊन पुन्हा ऐकले, आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "हा कंटाळत नाही गं." मित्रांनो, हीच ती दुसरी स्तुती. ती आठवली की अजूनही माझी चाके हलतात.

पण एकटी थोरली किती वाचणार? शिवाय दिसत नसलेली आणखी चार मुले विद्यापीठात होती. मग वाचकांचे मंडळ काढायचे ठरले. मला पिशवीत घालून दोघी कार्यालयात गेल्या. कारकून काकांनी चष्म्यावरून पाहिले.

"वाचायचंय ना? मग वाचा की. त्याला मंडळ कशाला?"

"खोली हवीये, काका. वसतिगृहात गोंगाट फार."

"खोली मंडळालाच मिळते."

"म्हणून तर मंडळ काढतोय."

"मंडळाला घटना लागते. पंधरा सभासद लागतात. अध्यक्ष लागतो, चिटणीस लागतो."

"आणि वाचणारे?"

काकांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "वाचणाऱ्यांसाठी रकाना नाहीये," ते म्हणाले.

खरे सांगतो, पुढच्या सगळ्या कटकटीचे मूळ त्या अर्जात होते.

तरीही पहिले वर्ष सोन्यासारखे गेले. जिन्याखालची ही खोली मिळाली. दाराला आतून जाड घोंगडी टांगली, तरी जिन्यावरची पावले फितीत उमटतच. वाचणारेही एकेक नमुने. एक मुलगा "स्वल्पविराम" आणि "पूर्णविराम" हेसुद्धा मोठ्याने वाचायचा. एक मुलगी मध्येच थांबून सांगायची, "हे कलम मला काही पटलेलं नाही." वकीलबाईची कशालाच हरकत नसे. "पायऱ्यांवर चपला वाजतात ना, तिथे तेविसावं कलम," असे ती सांगायची. तिच्या डोक्यात सगळे तसेच बसले होते.

मंडळाचा एक नियम थोरलीने घालून दिला होता, आणि तो घटनेत नव्हता. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. दात मोडला की त्या बाजूवर नवे काही भरता येत नाही. माझे लाल बटण खाली जातच नाही. प्रकरण वाचून झाले की थोरली पिनेने दोन्ही दात मोडायची आणि म्हणायची, "आता हे वकीलबाईचं."

दुसऱ्या वर्षी मंडळाला प्रमाणपत्र मिळाले, ते चौकटीत घालून भिंतीवर टांगले, आणि तिथेच घात झाला. चौकट पाहून भराभर सभासद आले. त्यांत एक उंच मुलगा होता. त्याचे प्रत्येक वाक्य "मुद्दा असा आहे की" पासून सुरू होई, म्हणून त्याचे नाव पडले मुद्दा. दुसरी एक हुशार मुलगी होती. कोणी काहीही मांडले की ती बोट वर करून म्हणायची, "माझी एक दुरुस्ती आहे." तिचे नाव दुरुस्ती. दोघांनाही अध्यक्ष व्हायचे होते. दोघांनीही मंडळासाठी तोवर एक पानसुद्धा वाचले नव्हते.

आठवड्यातून एक बैठक होती, त्या तीन झाल्या. बैठकीच्या सुरुवातीला मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचायचे आणि मंजूर करायचे असा दंडक होता. ते वाचले की मुद्दा म्हणायचा, "मी असं म्हणालोच नव्हतो." दुरुस्ती म्हणायची, "शब्द न् शब्द असाच होता." त्यातच तास संपायचा. पुढच्या बैठकीत या तंट्याचे इतिवृत्त वाचले जायचे, आणि त्यावर नवा तंटा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. माझ्या जागी तुम्ही असता तर पट्टा तोडून घेतला असता.

या धबडग्यात वाचायचे कोणी? सातव्या प्रकरणाचा दिवस तीनदा ठरला आणि तीनदा बैठकीमुळे पुढे गेला. शेवटी थोरलीनेच ते वाचले. तिला पडसे झाले होते, आणि शिक्षिका होण्यासाठी परगावच्या शाळेत शिकवायचे तिचे शेवटचे सराव-पाठ सुरू व्हायचे होते. तीन दुपारी नाक पुसत तिने एकोणचाळीस पाने वाचली. नव्वद मिनिटांची कॅसेट शेवटच्या ओळीपर्यंत भरली. तिने दोन्ही दात मोडले, कॅसेट कपाटात ठेवली, आणि वकीलबाईला निरोप दिला, "सहावं संपलं की शुक्रवारी येऊन घे. सोमवारी पेपर आहे, विसरू नकोस." आणि ती गाडीने गेली.

गुरुवारी दुपारी बैठक भरली. इतिवृत्तावरून इतकी जुंपली की मुद्दा म्हणाला, "मुद्दा असा आहे की लिहिण्यावर विश्वास ठेवायचाच कशाला? टेप करा. कोण काय बोललं ते कायमचं राहील."

"कोरी कॅसेट नाहीये," कोणीतरी म्हणाले.

मुद्द्याने कपाट उघडले आणि समोरचीच कॅसेट काढली. "ही आहे की."

"त्यावर काहीतरी लिहिलंय. प्रकरण सात."

"ऐकून झालं असेल एव्हाना. आणि नसलं तर पुन्हा वाचता येईल. बैठक काय पुन्हा होणार आहे?"

लाल बटण खाली जाईना. तेव्हा दुरुस्तीने आपली सगळी हुशारी एकवटली आणि मोडलेल्या दातांच्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने आणि मुद्द्याने एकमताने काही केले, आणि ते हे!

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. एरवी नको तेव्हा मी फीत गिळली आहे, हवी तेव्हा कुरकुरलो आहे. पण त्या दिवशी घड्याळजीचे स्पिरिट आठवावे तसा मी लोण्यासारखा चाललो. थोरलीचे एकेक वाक्य माझ्याच डोक्याखाली पुसले जात होते, आणि त्याजागी अध्यक्षाची खुर्ची दाराकडे तोंड करून असावी की खिडकीकडे, हे भरले जात होते. मध्ये कॅसेट उलटवली गेली. बैठक एकोणऐंशी मिनिटे चालली. ठराव काहीच झाला नाही.

शुक्रवारी वकीलबाई मला आणि कॅसेटला घेऊन आपल्या खोलीवर गेली. बटण दाबले. "मुद्दा असा आहे की..." तिला वाटले, सुरुवातीला चुकून काही राहिले असेल. ती थांबली. मग पुढे नेले, मागे आणले, बाजू उलटली. शेवटची अकरा मिनिटे उरली तेव्हा मधूनच थोरलीचा नाकात बोलणारा आवाज आला, "...म्हणून अशी साक्ष ग्राह्य धरता येत नाही." तिचा हात माझ्या झाकणावरच राहिला.

शनिवारी सकाळी तिने मला काखोटीला मारले आणि काठी टेकत या खोलीत आली. आत बैठक चालू होती. विषय होता, "मंडळाला वाचक का मिळत नाहीत?" तिने मला टेबलावर ठेवले आणि चालू केले.

"ही तर आपलीच बैठक," मुद्दा खूश होऊन म्हणाला. "ऐका, मी खुर्चीबद्दल काय म्हणालो होतो ते!"

"ही माझी कॅसेट आहे," वकीलबाई म्हणाली. "शेवटपर्यंत ऐका. मी तीनदा ऐकलीये. म्हटलं, कुठेतरी प्रकरण येईल."

तिने फीत पुढे नेली आणि थोरलीच्या आवाजावर थांबवली. नाक ओढल्याचा आवाज आला, पान उलटल्याचा आला, आणि अकरा मिनिटांनी मी टक्कन थांबलो.

"परवा पेपर आहे," ती म्हणाली. "शेवटचा."

दुरुस्तीचे तोंड पांढरे पडले होते. तरी सवय जाते कुठे! बोट वर करून ती पुटपुटली, "दिलगिरीचा ठराव मांडूया..."

"ठराव घाल चुलीत," वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "पुस्तक काढ. चिकटपट्टी कुणी लावली ते मला नकोय. एकोणचाळीस पानं आहेत."

मुद्द्याने पुस्तक काढले. पहिले पान त्यानेच वाचायला घेतले, आणि तेव्हा कळले की एवढ्या बोलघेवड्या मुलाला मोठ्याने वाचता येत नव्हते. तो अडखळायचा, ओळी गाळायचा.

"पुन्हा वाच. 'परंतु' गिळलास तू."

"एक परंतु गेला तर काय होतंय?"

"माणूस तुरुंगात जातो."

तो निमूटपणे पुन्हा वाचू लागला. मुद्दा दमला की दुरुस्ती वाची, ती दमली की बाकीचे. दुपारी वकीलबाईने वाचन थांबवले आणि दोघांना समोरासमोर बसवले. "तुम्हाला भांडायचंच असतं ना? मग या कलमांवर भांडा. हा आरोप ठेवेल, ही बचाव करेल. खुर्चीचं नाव काढायचं नाही." आणि ती दोघे जी भांडली! साक्षीदार खोटा कसा, कागद खरा कसा, एकमेकांच्या तोंडावर कलमे फेकत. वकीलबाई मधेच म्हणायची, "चूक. तिसरी ओळ पाहा." रविवारीही तेच झाले. त्या दोन दिवसांत मी नुसता बसून होतो. कोणी माझे बटण दाबले नाही. मंडळ कशासाठी काढले होते ते मात्र मला तेव्हा परत दिसले.

वकीलबाई पास झाली. फार वरच्या गुणांनी नाही, पण झाली. पुढे तिने काळा कोट चढवला आणि भल्याभल्यांच्या साक्षी उलट्यापालट्या केल्या. थोरली परत आल्यावर तिने मुद्द्याची आणि दुरुस्तीची अशी खरडपट्टी काढली की सांगायची सोय नाही. मग ती कॅसेट पुसायला घेतली, तर वकीलबाईने तिचा हात धरला.

"राहू दे. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी ऐकव."

तेव्हापासून तसा प्रघात पडला. नवे सभासद आले की त्यांना एकोणऐंशी मिनिटे ती बैठक ऐकावी लागे. आधी ते खुदुखुदु हसत, मग जांभया देत, मग चुळबुळत. आणि थोरलीचा पडशाचा आवाज मधूनच सुरू झाला की खोली गप्प होई. काही सांगावे लागत नसे. पुढे माझा पट्टा सैल झाला, नवी यंत्रे आली, मला कपाटावर चढवले गेले, आणि तो प्रघातही मोडला. आता तुम्ही खिशातल्या फोनवर वाचता, चांगले आहे. पण फोनवरचा आवाजही पुसता येतो, आणि त्याला मोडायला दातसुद्धा नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. जमले तर रविवारी कापसाने धूळ पुसा, तेवढे पुरे. मंडळे जरूर काढा. नियम करा, निवडणुका घ्या, हौसेने भांडा. मात्र कोणतेही लाल बटण दाबण्याआधी त्याखाली कोणाचा आवाज आहे ते एकदा ऐकून घ्या. तुमच्या दाराबाहेर बाकावर एक मुलगा पाऊण तास वाट पाहत बसला आहे. त्याच्या हातात काठी आहे आणि मांडीवर जाड पुस्तक. फलक कोणताही रंगवा, नाहीतर रंगवूच नका. आधी उठा, दार उघडा आणि त्याला विचारा, कितव्या पानापासून वाचायचे.