टकळीचे उघडे पान

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला सुरू व्हायला वेळ लागतो. माझे बटण दाबून लोक चहा टाकायला जातात, चहा पिऊन, कप विसळून परत येतात, तरी मी आपला घरघरतच असतो. म्हणून ही गोष्टही जरा सावकाश ऐका. घाईघाईत सांगून टाकावी अशी ती नाहीच.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे कितीतरी भाऊ रांगेने पुढे जात होते. कुणी माझ्यात पंखा बसवला, कुणी तारा जोडल्या, कुणी स्मृतीची हिरवी पट्टी खोचली. "एवढी मेमरी लागतेय कुणाला?" असे पुढे मला विकणारा दुकानदार म्हणाला होता. ते ऐकून मी फुशारलो. माझ्यात सगळे मावेल असे मला त्या दिवसापासून वाटत आले.

मला घरी आणले ते एका चावीवाल्याने. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचे चाव्या बनवायचे दुकान होते आणि दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्यांचे घर. कुणाची चावी हरवली, कुणाच्या कपाटाने ऐनवेळी आडमुठेपणा केला, की लोक त्याच्याकडे धाव घेत. "बंद झालंय ना? मग उघडणारच," असे तो गिऱ्हाइकाला सांगे आणि खरोखर उघडून दाखवी. त्याची बायको लोकरीचे विणकाम करी. थंडी पडली की त्या गल्लीत निम्म्या लोकांच्या अंगावर तिच्याच हातचे स्वेटर दिसत. आणि त्या दोघांची एकच मुलगी. शाळेत तिचे नाव काही का असेना, घरात तिला टकळी म्हणत. सकाळी तिचे तोंड जे सुरू होई, ते झोप लागल्यावरच थांबे.

टकळीसाठीच मला आणले होते. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी मला बघायला आले आणि तोंड भरून कौतुक करून गेले. टकळी माझ्यावर अभ्यास करी, पण तिचा खरा जीव होता तो माझ्या लहानशा माईकमध्ये. त्यात तोंड घालून ती घरातल्या बातम्या वाचायची. "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, चावीवाल्यांची स्वतःचीच चावी हरवली असून, पत्नीने मदत करण्यास साफ नकार दिला आहे." जिन्यावर उभा राहून बाप खो खो हसे. मी जरा थकलो की ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "चल रे म्हातारबा." तेव्हा मी काही म्हातारा नव्हतो, पण तिच्या तोंडून ते ऐकायला बरे वाटे.

मोठी झाल्यावर तिला दुसऱ्या गावी एका छोट्या रेडिओ केंद्रात काम मिळाले. ते केंद्र इंटरनेटवर ऐकू येई. जाताना तिने मला आईच्या स्वाधीन केले आणि ब्राउझर कसा वापरायचा ते शिकवले. आई हुशार. विणीचे नमुने शोधायला ती पटकन शिकली. पण एकदा उघडलेले पान ती बंद करीत नसे. पडद्याच्या वरच्या बाजूला पानांची नुसती दाटी झालेली असे.

"आई, एवढी पानं उघडी ठेवलीस तर म्हातारबाचा जीव जाईल," एकदा सुट्टीत घरी आली तेव्हा टकळी म्हणाली.

"विणकाम अर्धं असताना टाके सुईवरून काढतात का?"

"नाही."

"मग पान तरी का बंद करू?"

टकळीने हात जोडले आणि सगळी पाने तशीच राहू दिली.

केंद्रावर ती मुलांसाठी गोष्टी सांगायची. तिची आई रोज दुपारी सुया घेऊन माझ्यासमोर बसायची आणि ऐकायची. त्यातल्या एका गोष्टीच्या सुरुवातीला टकळीची फजिती झाली होती. "थांबा हं मुलांनो, माझा चष्मा..." असे म्हणून तिने टेबलावर खुडबुड केली, मग तिला चष्मा स्वतःच्याच डोक्यावर सापडला आणि ती जी हसत सुटली, की गोष्ट कुठल्या कुठे राहिली. केंद्रवाल्यांनी ते हसू कापले नाही. आईने ते पान उघडले, आणि तिच्या नेमाप्रमाणे ते उघडेच राहिले.

मित्रांनो, यापुढचे मला नीट सांगता येत नाही. टकळी तिकडे आजारी पडली. निरोप आला तसे दोघे निघाले, पण ते पोचायच्या आत ती गेली होती. परत आल्यावर कितीतरी दिवस खाली दुकान उघडले नाही की वर सुया हलल्या नाहीत. मीही टेबलावर धूळ खात पडलो होतो आणि मला त्याचे काही वाटत नव्हते.

मग एका दुपारी आईने मला जागे केले, त्या पानावर गेली आणि आवाज सुरू केला. टकळी हसली. आई हुंदके देत देत ऐकत राहिली, संपल्यावर तिने पुन्हा लावले. बाप मात्र तो आवाज आला की पाय काढता घेई. चपला घालून थेट खाली दुकानात. त्याला ते सोसत नव्हते, एवढेच.

पुढे ते रेडिओ केंद्र बंद पडले. त्याची सगळी पाने इंटरनेटवरून निघून गेली. शेजारणीने आपल्या फोनवर ते पान शोधून पाहिले, तर ते सापडेना. माझ्यावर मात्र ते उघडे होते, कारण तो आवाज मी आधीच आणून स्वतःजवळ धरून ठेवला होता. आईला हे शेजारणीच्या फोनवरून कळले. त्या दिवसापासून तिने मला कधी बंद केले नाही. रात्री फक्त झोपवायची. वीज गेली तर काय, या धास्तीने नवऱ्याकडून माझ्या पायाशी एक बॅटरीचा डबा बसवून घेतला. "मशीनला बरं असतं," एवढेच कारण तिने दिले. खरे कारण सांगायचे म्हणजे मुलगी गेली हे पुन्हा तोंडाने म्हणावे लागले असते, म्हणून तिने ते सांगितले नाही. "माझी पानं कुणी बंद करायची नाहीत," हे तर ती पहिल्यापासूनच म्हणायची. त्याला वाटले, हे विणकामाचेच.

आता माझ्या दुखण्याविषयी सांगतो. इंटरनेटवरची पाने दरवर्षी नवी होतात आणि दरवर्षी त्यांची भूक वाढते. माझी स्मृती तेवढीच. त्यात विणीच्या एका पानावर जाहिराती नाचायच्या, सतत, कुणी बघत नसले तरी. त्या एका पानाने माझ्या नाकी नऊ आणले होते. मी गोठायचो. बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचे नाही. खोट कुठे आहे ते मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? अडकलो की एक गोल चक्र फिरवत बसायचे, एवढीच आम्हाला भाषा दिलेली आहे. त्या चक्राकडे बघून कुणाला काही कळत नाही.

एके दिवशी मी गोठलो तो नेमका टकळी बोलत असताना. "माझा च, च, च, च," एवढेच पुन्हा पुन्हा. आई माझ्या पडद्यावर हात ठेवून रडली. "अडकली बघा हो ती," एवढेच ती म्हणाली. बाप दारात उभा होता. तो त्या दिवशी खाली गेला नाही. बऱ्याच वेळाने माझा मीच कसाबसा सावरलो, पण त्याच्या मनाने घेतले की याचा बंदोबस्त करायचाच.

दुसऱ्या दिवशी ती स्वेटर पोचवायला बाहेर पडली, तसा तो माझ्यासमोर बसला आणि त्याने आपल्या भाच्याला फोन लावला. भाचा एका कार्यालयात संगणकांचेच काम बघतो. मुलगा चांगला आहे, त्याला यातले काहीच माहीत नव्हते.

"मामा, पहिल्यांदा सगळे टॅब बंद करा."

"सगळे? तुझी मामी माझी सालटी काढेल."

"अहो, बंद केलेलं परत उघडता येतं की."

हे वाक्य चावीवाल्याच्या रोजच्या धंद्यातले होते. जन्मभर तो दुसऱ्यांना हेच सांगत आला होता. त्याला धीर आला. पितळेच्या किसाने पिवळ्या झालेल्या बोटांनी त्याने एकेक पान बंद केले. टकळीचेही केले. मी चक्र फिरवले, जिवाच्या आकांताने फिरवले.

"अडकतोय रे अजून."

"मग कॅश साफ करा."

"कसली कॅश? गल्ल्यातली?"

"तसली नव्हे हो मामा. ब्राउझर जुन्या पानांचं सामान साठवून ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. नुसती अडगळ. आणि हिस्टरी, म्हणजे पाहिलेल्या पानांची यादी, ती पण उडवा."

तेव्हा मी त्याला एक प्रश्न विचारला. आम्हाला विचारता येतो असा तो एकच प्रश्न: हे कायमचे पुसायचे आहे का? त्याने चष्मा पुढे ओढून तो वाचला.

"कायमचं पुसू का विचारतोय. हो म्हणू?"

"म्हणा," भाचा म्हणाला.

त्याने हो म्हटले.

मला बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा मी कितीतरी वर्षांत पळालो नव्हतो असा पळालो. चावीवाला खूश झाला. बायको यायच्या आत तिच्यासाठी ते पान तयार ठेवू, म्हणजे तिला आवाज न अडकता ऐकता येईल, असे त्याच्या मनात आले. त्याने केंद्राचे नाव टाकले. पान सापडले नाही. स्पेलिंग चुकले असेल म्हणून त्याने वेगळे टाकून पाहिले. जुडग्यातली एकेक चावी लावून बघावी तसे तो एकेक नाव लावून बघत होता, तोच जिन्यात तिची पावले वाजली.

"बघ, नीट केला. आता अडकणार नाही," तो म्हणाला.

ती बसली. पडद्यावर वर पानांची दाटी असायची, तिथे एकच कोरे पान होते.

"टकळीचं पान कुठंय?"

"तेच उघडतोय. नाव जरा नीट टाकावं लागेल."

"ते नाही आता कुठंच. शेजारणीच्या फोनवर पण नाही. फक्त इथं उघडं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "मग मला सांगितलं का नाहीस गं?"

तिने त्या कोऱ्या पानावरून बोट फिरवले. मग अगदी हळू म्हणाली, "उघडा ना. तुम्ही सगळं उघडता."

मित्रांनो, हे तिने टोमणा म्हणून म्हटले नाही. तिला खरेच वाटले की तो उघडेल. आणि तो अंधार पडेपर्यंत माझ्यासमोरून उठला नाही.

मग एक दुरुस्तीवाली बाई आली. तिने मला खोलले, पंख्यात साठलेला पितळेचा कीस ब्रशने काढला, आतबाहेर शोध घेतला. शेवटी ती म्हणाली, "काका, कॅश पुसली नसती तर कदाचित..." आणि त्याचा चेहरा बघून तिने ते वाक्य तिथेच सोडले. हत्यारे पिशवीत भरताना तिला काहीतरी चांगले बोलावेसे वाटले असावे. "मशीन मात्र आता मस्त चालतंय हं," असे ती म्हणाली.

खरे होते ते. आता जो येतो तो माझे कौतुक करतो. एकदा सुरू झालो की मी अडकत नाही, गोठत नाही. त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखे होते. आईने विणकाम बाजूला ठेवले. ती माझ्यासमोर येऊन बसत नाही. चावीवाला दुकान उघडतो, चाव्या घासतो, पण गिऱ्हाइकाला भरवसा देताना त्याची जीभ अडखळते.

एका संध्याकाळी दोघे खिडकीशी बसले होते. अचानक तो आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थांबा हं मुलांनो, माझा चष्मा कुठंय?"

तिने चमकून वर पाहिले. दाराआडून, जिन्यावरून जेवढे कानावर पडले होते तेवढेच त्याच्याजवळ होते. तेवढे तो तिला देऊ बघत होता.

"'कुठंय' नाही. 'कुठं गेला' म्हणते ती," ती म्हणाली.

"बरं. माझा चष्मा कुठं गेला? अगंबाई, डोक्यावरच आहे."

"'डोक्यावरच की' म्हणते."

"'की' म्हणते?"

"हो. 'डोक्यावरच की'." ती थांबली. तिने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले. "'की' म्हणते, का 'आहे' म्हणते हो?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ काही नव्हते. जिथे तो आवाज होता त्या जागेवर आता दुसरेच काही लिहिले गेले आहे.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुणाचा आवाज, कुणाचा चेहरा कुठल्या पानावर उघडा आहे, म्हणजे तो आपल्याजवळ आहे असे समजू नका. आजच तो उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की तो कुठे आहे आणि तो का ठेवला आहे. आमच्यासारखे एखादे जुने यंत्र अडकले, तर त्याच्यावरचे काही पुसण्याआधी ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा. जरा थांबावे लागेल, पण थांबा. यंत्राची खोट काढायला पुष्कळ जण मिळतात, पुसलेला आवाज परत आणून देणारा कुणी मिळत नाही.

टकळी 'की' म्हणाली होती का 'आहे', आणि हसली ती त्याच्या आधी का नंतर, हे आता या घरात कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. मलासुद्धा नाही.