मशीनची बोहनी

आमच्या आदिलाबादच्या शाखेत कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच दिवशी त्याची बोहनी बिघडली, तीही खुद्द मॅनेजरसाहेबांच्या हातून. मी अमृतराव, जुन्या काउंटरवरचा कॅशियर. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, तेव्हा मलाच सांगू द्या.

साल शहाण्णव. कॉम्प्युटरसाठी काचेची खोली झाली आणि तिच्यात एसी बसला. आम्ही बिचारे एका धड पंख्यासाठी अर्ज करकरून थकलो होतो, आणि या डब्याला आल्या आल्या हिमालय! असो. तो चालवायला आमच्यातल्या रुख्मिणीला हैद्राबादला ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं. ती परत आली, नारळ फुटला, पेढे वाटले. मग मॅनेजर नरसय्या साहेबांनी हौसेनं आपल्याच खात्यातून पैसे काढायची स्लिप भरली.

"देखो, एक मिनट में होता!"

झालंही. आम्ही टाळ्या वाजवल्या. बघायला जमलेल्या भाजीवाल्या बाया मात्र पदर सावरत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खिडकीपुढे चिटपाखरू नाही आणि माझ्यापुढची रांग थेट फाटकापर्यंत! खातं मशीनवर चढवायचं की नाही, हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर होतं. महिना गेला तरी कुणाची मर्जी होईना. वरून हुकूम आला होता, की तीन महिन्यांत लोक वळले नाहीत तर मशीन लांब मंचेरियलच्या शाखेत जाईल आणि सोबत रुख्मिणीही. तिचा नवरा इथंच किराणा दुकान चालवायचा, सासू देवकाबाई अंथरुणाला खिळलेली. पाच वर्षं खेटे घालून तिनं इथली बदली मिळवली होती. पोरगी दिवसभर त्या गारव्यात एकटी बसायची. मला तिची दया यायची आणि त्या डब्याचा राग.

शेवटी मी बयनाबाईला धरलं. ही भीमपूरकडची, वांगी-मिरच्या विकणारी. तिच्या शब्दावर अख्खी भाजीलाइन उठते-बसते.

"बयनाबाई, तिकडं काऊन जात नाई तुमी? माझ्याच डोक्यावर बसता!"

"भाऊ, पयल्याच झटक्यात ज्याच्यातून लक्ष्मी बाहेर गेली, त्याच्यात आपले पैसे कोन टाकन? मिरचीच्या टोपल्याचीबी बोहनी पाहा लागते. हे तं ब्यांक हाय!"

मी कपाळावर हात मारला. नरसय्या साहेब तर पोट धरून हसले. रुख्मिणी हसली नाही. दुकानदाराच्या घरची सून ती. पहिलं गिऱ्हाईक उधारी मागायला आलं तर त्याला कसं गोड बोलून थांबवतात, हे तिनं रोज पाहिलेलं. तिनं बयनाबाईला काचेच्या खोलीत बोलावून खुर्ची दिली.

"मावशी, बाजारात बोहनी तुमी एकदाच केली का रोज करता?"

"रोज. काल चांगली झाली म्हनून आज सोडतो का मी?"

"मंग याचंबी तसंच हाय. सांजेले मी याचा दिवस बंद करतो, सकाळी नवा उघडतो. पावत्या पुन्हा एक नंबरापासून. त्या दिवशीची बोहनी त्याच दिवशी सरली, मावशी."

बयनाबाईनं मशीनकडं मान वाकडी करून पाहिलं.

"म्हंजे हेबी दुकानच हाय म्हन की! मंग उद्याची बोहनी माही."

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच ती हजर. नोटा कपाळाला लावल्या, खात्यात भरल्या, पावती नंबर एक पदराच्या गाठीला बांधली. आठवड्याभरात सगळी भाजीलाइन तिच्यामागं, मग भीमपूरचे कापूसवालेही. शाखेत एक कायदाच पडून गेला, जो हेड ऑफिसच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता: दिवसाचा पहिला व्यवहार पैसे भरण्याचा. काढायला आलेला माणूस आधी पोचला, तर मागच्याला मुकाट पुढं करायचा. खुद्द नरसय्या साहेबसुद्धा हातात स्लिप घेऊन खांबाला टेकून वाट पाहायचे. आणि मला निवांत चहा मिळू लागला, तर चैन पडेना. माणसाचं काही खरं नाही.

तीन महिने भरत आले आणि हैद्राबादहून तपासणीचे साहेब आले; मशीन ठेवायचं की हलवायचं, हे तेच ठरवणार होते. ऐन उघडण्याच्या वेळेला. रांग मशीनपुढं उभीच होती, पण साहेब तिला वळसा घालून थेट खिडकीशी गेले आणि चेक आत सरकवला.

"मॅडम, पहले मेरा पेमेंट कीजिए. मैं टाइम देखता हूँ."

रुख्मिणीचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठेपर्यंत बयनाबाईचा हात खिडकीत आडवा.

"ओ सायेब! आदी भरा, मंग काढा. बोहनी हाय!"

"ये मशीन बैंक की है!" साहेब कडाडले.

"असन ब्यांकेची. पैसे तं आमचे हायेत ना! तुमी उलटी बोहनी करान अन् सांजच्या गाडीनं हैद्राबादले जान. इथं आमाले राहा लागते."

मागून सगळी रांग "हो, हो" म्हणाली. साहेबांनी रुख्मिणीकडं पाहिलं. तिनं चेक उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, नया खाता खोल दूँ? दस रुपये से खुलता है."

संपलं, मी मनात म्हटलं. गेली पोर मंचेरियलला.

साहेबांनी फाटकापर्यंतची रांग निरखून पाहिली.

"ये सब इसी काउंटर के लोग हैं?"

"जी सर," नरसय्या साहेब कसेबसे बोलले.

साहेबांनी खिशातून दहाची नोट काढली. बयनाबाईनं डोळे वटारले, तशी ती कपाळालाही लावली. पावती हातात पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मैं नाराज हो जाता तो?"

"आप तो एक ही बार ट्रान्सफर करते, सर. इन लोगों के सामने मुझे रोज़ बैठना है."

साहेब मोठ्यानं हसले. "तो फिर यहीं बैठिए. मशीन भी यहीं रहेगी."

तीन महिने डोळ्यांतून टिपूस न काढलेली रुख्मिणी तिथंच ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. बयनाबाईनं मात्र आपली स्लिप आणि नोटा आत सरकवल्या.

"मंग रड, पोरी. आदी माही पावती काढ."