पुरळ न उठल्याची गोष्ट

मुकादमचं औषध शेवटी बदललं. पण तूर्त ते बदललंच नाही असं धरून चालू. तिचा बाप तरी दुसरं काय करत होता?

मुकादम म्हणजे सहा वर्षांची मुलगी. डोक्यावर एक केस नव्हता, पण घरात शब्द तिचाच चालायचा. तिला रक्ताचा कर्करोग होता. त्या रोगट पेशींना एक अन्न स्वतः बनवता येत नाही, रक्तातून उचलावं लागतं. तिला टोचायचं एन्झाइम नेमकं तेच अन्न फस्त करायचं, की पेशींची उपासमार. अडचण एवढीच, की ते जंतूंपासून काढलेलं. शरीराला परकं वाटू शकतं.

"अंगावर काही उठलं तर लगेच सांगा. हे औषध बंद करावं लागेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

बापाच्या कानात 'बंद' तेवढं शिरलं. मागच्या डोसनंतर घरी आल्यावर तिच्या मानेवर दोन गांधी उठल्या. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. या खेपेला निघण्याआधी त्याने मुकादमला अ‍ॅलर्जीचं सिरप पाजलं.

"हे कशाचं?"

"सर्दीचं."

"मला कुठेय सर्दी?"

"होऊ नये म्हणून."

"बाबा, तू ना, छत्री घेऊन अंघोळीला जाशील."

सुई टोचली. त्यानंतर बापाने तिच्या हाताकडे असं टक लावून पाहिलं, की हातालाच संकोच वाटावा. माशी बसली तरी हा उठून उभा. काहीच उठलं नाही.

"कातडी कशी लोण्यासारखी!" नर्सताई म्हणाल्या. बापाने ते कौतुक स्वतःच्या नावावर जमा केलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "औषधाचा मागमूस नाही. शरीराने ते गुपचूप निकामी केलं, असं दिसतंय. पण अंगावर तर कधीच काही उठलं नाही. तपासणीतच चूक असेल. हेच आणखी एकदा देऊन पाहू."

सुटलो, असं बापाला वाटायला हवं होतं. पण त्याचा धंदा आगीचे अलार्म बसवण्याचा. अलार्म सारखा कोकलतो म्हणून एका कॅन्टीनवाल्याने त्याला मोजा घातला होता, तेव्हा यानेच त्याची सालटी काढली होती.

"मॅडम, मोजा मी घातला," तो म्हणाला.

"काय घातलं?"

"म्हणजे सिरप. मी पाजलं, घरी. आणि त्याआधी दोन गांधी उठल्या होत्या."

"घरी चल," शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तुला पाजते सिरप."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या डोसला हिचा श्वास कोंडला असता. बरं झालं बोललात."

"आणि मधले दिवस, मॅडम? त्या पेशी..."

"जेवल्या असतील. आता दुसऱ्या जंतूचं एन्झाइम देऊ. काम तेच."

"तेही हिला परकं वाटलं तर?"

डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण शोधू लागल्या.

नवीन औषध टोचलं. हाताला काही नाही, मानेला काही नाही. आता बापाला त्या 'काही नाही'चीच धास्ती. तो खाटेशी बसून पुटपुटत होता.

"काय चाललंय?" मुकादमने विचारलं.

"अर्ज करतोय."

"मोठ्याने कर."

त्याने घसा साफ केला. "प्रति, रक्तातील पहारेकरी, सर्व पाळ्या. विषय: नवीन पाहुण्यास आत सोडणेबाबत. महोदय, सदर पाहुणा वेगळ्या घराण्यातील असून आधीच्याशी त्याचे काहीही नाते नाही. तरी त्यास विनाचौकशी आत घ्यावे. अडवायचेच झाल्यास गुपचूप न अडवता आधी मोठ्याने बोंब मारावी, ही नम्र विनंती."