म्यानावरची पाच बोटं

त्याला सगळे साडेचार म्हणत. उजव्या हाताची तर्जनी लहानपणी दारात सापडून अर्धी गेली होती, आणि त्या हाताची बोटं मोजली की उत्तर तेच यायचं. त्यामुळे हातोडा डाव्या हातात. नावाचं त्याला आता काही वाटत नसे. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. सासरेबुवा 'जावईबापू' म्हणायचे, पण अशा सुरात की त्यापेक्षा साडेचार बरं.

भट्टी सासऱ्यांची, ऐरण सासऱ्यांची, घरही सासऱ्यांचंच. पुढच्या खोलीत लोहारकाम, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मधल्या बोळात बायकोचं चामड्याचं काम: रापी, आरी, मेणाचा गोळा, भिंतीला टांगलेली कातडी. म्हाताऱ्याने घडवलेल्या प्रत्येक पात्यावर एक शिक्का असे, गव्हाच्या दाण्याएवढा मासा. त्या माशाच्या सुऱ्यांबद्दल लोक काय वाटेल ते सांगत. एका खाटकाची सुरी म्हणे ओट्यावरून निसटली, ती फरशी आणि खालची माती कापत गेली आणि शेजारच्या विहिरीत सापडली. सुरी निसटली याबद्दल दुमत नाही. विहिरीबद्दल आहे.

साडेचारला तो शिक्का हवा होता. अकरा वर्षं तो बिजागऱ्या, कोयंडे, विळे घडवत होता, आणि सगळं बिनशिक्क्याचं. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या उजव्या हातात कंप शिरला. कंप म्हणजे असा, की बशीतून उचललेला कप तोंडापर्यंत पोचेतो रिकामा आणि समोरच्याचा शर्ट ओला. तेव्हापासून लेक त्यांना घास भरवी, बटणं लावून देई. भट्टी जावयाकडे आली, शिक्का मात्र म्हाताऱ्याच्या उशीखालीच राहिला. अट एकच होती: क्रेनच्या पोलादी दोराचं, त्या जाडजूड वायररोपचं, पातं करून दाखवायचं. दोरातल्या शंभरावर तारा तापून, ठोकून एकजीव झाल्या पाहिजेत. म्हातारा ती पट्टी दोऱ्याला टांगून खिळ्याने वाजवणार. आत एक जरी तार सुटी राहिली तर आवाज 'ठप' येणार, आणि शिक्का उशीखालीच राहणार.

तीन तुकडे ठप वाजले होते. साडेचारने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. दोराच्या पोटातली तेलकट सुतळी ओढून काढली, वंगण जाळलं, तेव्हाच्या धुराने समोरचा शिंपी दोन दिवस काळे कपडे शिवत होता. तारा एकमेकींना धराव्यात म्हणून टाकणखार टाकला, पट्टी पिवळीधमक तापवली, शेगड्याच्या जबड्यात पकडून पिळली, ठोकली. तरी ठप. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याने खिळा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.  ते मिटलेले डोळे साडेचारला शिवीपेक्षा जास्त लागले.

चौथ्या तुकड्याच्या दिवशी बायको दोरा आणायला बाजारात निघाली. पात्याचा लाकडी नमुना तिच्याकडे होता, त्यावर ओलं चामडं ताणून तिने म्यान आधीच बसवलं होतं. ते तिने बोळातल्या खिडकीत वाळत ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं, की याला हात लावायचा नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना त्याला लोखंडाचा कीस लागला, की अर्ध्या तासात काळाकुट्ट डाग उठतो. तो मरेस्तोवर जात नाही. लोहाराशी लग्न केल्यापासून तिने असे बारा डाग मोजले होते.

साडेचारने हात लावला नाही. त्याने चौथा तुकडा तापवला, पिळला, ठोकला. ठोकतानाच त्याला कळलं की हाही गेला. पट्टी राखेत सरकवली, दोन घास खाल्ले आणि आडवा झाला. दुपारची झोप हा त्याचा एकच गुण असा होता ज्यात सासऱ्यांनी कधी खोट काढली नव्हती. एकदा झोपला की शेजारच्या खोलीत ऐरण वाजली तरी त्याला जाग येत नसे; त्याच्या घोरण्यावर शेजारीण घड्याळ लावायची.

दीड तासाने उठून, उगाच आपली खात्री करून घ्यावी म्हणून त्याने पट्टी दोऱ्याला टांगली आणि खिळा मारला.

टण्ण.

 पुन्हा मारला. टण्ण. टोकाला, मध्ये, मुठीच्या बाजूला, सगळीकडे टण्ण. देवळातल्या घंटेने मान खाली घालावी असा तो नाद होता. दुपारी निवायला ठेवलेली पट्टी अजून बोट भाजण्याइतकी गरम कशी, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो धावत मागच्या खोलीत गेला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता, उजवा हात पांघरुणावर थरथरत होता. उद्या सकाळी वाजवू, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात बायको आली, आणि बोळात थबकली. म्यान खिडकीत नव्हतं. कुणीतरी ते उन्हातून उचलून सावलीच्या कोनाड्यात ठेवलं होतं, आणि त्यावर पाच काळी बोटं उमटली होती.

तिने नवऱ्याला असं काही झापलं, की शेजारणीने खिडकी उघडली. तो शपथेवर नाही म्हणत होता. शेवटी ती म्हणाली, ठेवा हात त्यावर. त्याने उजवा हात ठेवला. अंगठा बसला, तीन बोटं बसली, आणि तर्जनीच्या जागी अर्धं काळं बोट उघडं राहिलं. डावा हात तर अंगठ्यापासूनच उलटा पडत होता. मग तिने आपला हात ठेवला. तो त्या ठशात अख्खा बुडाला.

 घरात माणसं तीन.

"उजवा हात आहे," ती हळूच म्हणाली.

 साडेचारला दुसरंच दिसत होतं. ठसे कुठे फाकले नव्हते, कुठे पुसटले नव्हते. बोटांवरच्या रेघा मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ. ऐरणीसारखा स्थिर हात होता तो.

भट्टीतल्या गरम पट्टीचा अर्थ त्याला आता लागला.  टण्ण वाजली ती पट्टी त्याची नव्हतीच.

त्या संध्याकाळी लेकीने बापाला नेहमीसारखं भरवलं. प्रत्येक घासाला ती त्या थरथरत्या हाताकडे बघत होती. दोन वर्षं, दोन वेळा, रोज. हिशोब तिने मनातच सोडून दिला, कारण आकडा आला असता तर वाटी फेकून मारावी लागली असती. नवऱ्याला ती नंतर एवढंच म्हणाली, "गप्प बसलात तर उद्या शिक्का मिळेल. तुमचं तुम्ही ठरवा."

सकाळी म्हाताऱ्याने पट्टी वाजवली. टण्ण. मान डोलावली, उशीखालून शिक्का काढला आणि थरथरत्या हाताने पुढे धरला. अकरा वर्षं ज्याच्यासाठी घातली तो मासा साडेचारच्या नाकासमोर वळवळत होता. नुसता हात पुढे केला की झालं.

त्याने हात पुढे केला, पण त्या हातात म्यान होतं.

"मामा, ही बोटं कुणाची?"

म्हाताऱ्याने पाहिलं. हात हलत होता, हलत होता आणि हळूहळू थांबला.  ठाऊक असूनही बायकोला डोळ्यांसमोर थांबलेला तो हात बघवत नव्हता.

मग निघालं ते असं. कंप पहिला महिना खरा होता, औषधाने गेला. पण हात बरा म्हटलं असतं तर जावयाने हातोडा निमूटपणे परत आणून दिला असता, हे म्हाताऱ्याला माहीत होतं. म्हणून कंप ठेवून घेतला. पोरगा एकटा पडला की शिकेल, अशी आशा होती. तो शिकेना, आणि ती ठप ठप ऐकून कान किटले, म्हणून काल तो झोपल्यावर स्वतःच एक तुकडा ठोकला आणि राखेत बदलून ठेवला. म्यानाला हात लागला तो परतताना. उन्हात चामडं तडकताना बघवलं नाही.

"काय चुकतंय ते दिसत होतं, तर सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का नाही? अकरा वर्षांत एकदा तरी?"

 साडेचार आठवून बघत होता. कधीतरी विचारलं असेल, असं त्याला वाटत होतं. आठवेना.

"काय चुकतं माझं?" त्याने विचारलं.

म्हातारा ताठ बसला. जणू या तीन शब्दांसाठीच कंप पाळला होता. "पिळा," ते म्हणाले. "दोर ज्या अंगाला वळलेला असतो, त्याच अंगाला पिळायचा, म्हणजे आवळतो. तुम्ही डावखुरे. हात आपोआप उलटा फिरतो. आधी तारांना एकमेकींपासून सोडवता आणि मग एक व्हा म्हणून बडवता."

दोराचा एकच तुकडा उरला होता. साडेचारने तो तापवला. म्हातारा बाजेवरून उठून भट्टीजवळ स्टुलावर बसला, आणि हात मध्ये घालायचा मोह नको म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पिळताना साडेचारचा हात दोनदा सवयीने उलटा वळला, दोनदा त्याने तो परत आणला. तिसऱ्यांदा दोर आवळला, आणि तो आवळल्याचं त्याला सांडशीतून थेट खांद्यापर्यंत कळलं. म्हातारा स्टुलावर नुसता हुंकारला.

निवल्यावर म्हाताऱ्याने पट्टी टांगली. टोकाला टण्ण. मध्ये टण्ण. मुठीच्या बाजूला त्यांनी तीनदा वाजवली, कान लावला, पुन्हा वाजवली.

"इथे एक तार कुजबुजतेय," ते म्हणाले. "एवढा भाग कापा. पातं बोटभर आखूड होईल. चालेल."

मग न थरथरणाऱ्या हाताने त्यांनी शिक्का जावयाच्या तळहातावर ठेवला. तो घेताना साडेचारचाच हात असा काही कापायला लागला, की मासा खाली पडून ऐरणीवर वाजला.

बायको बोळाच्या दारातून बघत होती. तेच म्यान ती बोटभर आखूड कापत होती, कारण चांगलं चामडं डागासाठी टाकून देणाऱ्यातली ती नव्हती. पाच बोटांच्या वर रापी फिरवत ती म्हणाली, "आता तुम्ही नाही हं थरथरायचं. एकाला भरवलं तेवढं पुरे झालं. आणि बाबा, आजपासून भांडी तुमची."