चौथी पाकळी

"आज चौथी तेहतीस पावलांवर होती," दारातच चपला काढता काढता आई म्हणाली.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"तिघी एकमेकींच्या अंगावर. अठराच्या आत."

"तिघी सुखी आहेत," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "चौथीलाच तेवढं सासर लांबचं मिळालंय."

आई हसली नाही. हात धुऊन, फडताळातून वही काढून खिडकीशी बसली आणि वाकून ठिपके काढू लागली. चहा गार झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. आमच्या घरात हे रोजचंच होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाचीच आई संध्याकाळी घरी आल्यावर ठिपके काढत नाही हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझी आई कारखान्याच्या चाचणी मैदानावर पाकळ्या वेचायची. पाकळ्या म्हणजे फुलाच्या नव्हेत. आमच्या गावच्या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या बनतात, आणि एका रुंद नळीच्या बंदुकीसाठी तिथे एक नवी गोळी तयार होत होती. तिची गंमत अशी की ती बंदुकीच्या नळीपेक्षा बारीक होती. बारीक म्हणून हलकी, हलकी म्हणून सुसाट. पण बारीक गोळी रुंद नळीत नुसती खुळखुळणार आणि मागचा सगळा जोर तिच्या बाजूने निसटून जाणार. म्हणून तिला प्लॅस्टिकचा चार तुकड्यांचा अंगरखा घालतात. अंगरख्यासकट ती नळीत गच्च बसते, नळीच्या तोंडाबाहेर पडली की चारही तुकडे उमलून गळून पडतात आणि गोळी एकटी पुढे जाते. साहेब लोक त्या अंगरख्याला सॅबो म्हणायचे. कामगारांनी त्याचं झबलं केलं होतं. झबल्याच्या चार तुकड्यांना पाकळ्या हे नाव मात्र आईचं.

फैर झडली की भोंगा व्हायचा. मग बंदुकीच्या दोन्ही बाजूंना आडोशाला खणलेल्या खड्ड्यांपैकी एकातून आई बादली घेऊन बाहेर यायची आणि रोलर फिरवलेल्या मातीवरून चालत अंगठ्याच्या पेराएवढे ते चार तुकडे शोधायची. तुकडा हरवून चालायचं नाही. छापील तक्त्यात दोनच रकाने होते, झाडलेल्या फैरी आणि सापडलेल्या पाकळ्या. कुठे सापडल्या हे कुणी विचारलेलं नव्हतं. आईला चालताना पावलं मोजायची खोड होती म्हणून तिला ते ठाऊक असायचं, आणि तक्त्यात जागा नव्हती म्हणून ती ते घरच्या वहीत काढायची. अकरा वर्षं.

ती गोळी पुढे जाऊन कुणाला लागणार, हा प्रश्न आमच्या घरात एकदाच निघाला होता. मीच विचारला होता, जेवताना. आई म्हणाली होती, "मी गोळी नाही वेचत. झबलं वेचते." पण त्या दिवशी तिने पान अर्धं टाकलं, आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

नव्या गोळीचं घोडं एका जागी अडलं होतं. दहातल्या चार गोळ्या निशाण सोडून भलतीकडे जात. संशोधन विभागाचे मोठे साहेब, ज्यांना त्यांच्या लांब पायांमुळे सगळा कारखाना पाठीमागे कंपास म्हणायचा, त्यांनी दारू बदलून पाहिली, नळी बदलून पाहिली, बंदूक चालवणारा माणूससुद्धा बदलून पाहिला. आईला कारण माहीत होतं. चारपैकी एका पाकळीवर बारीक फोड असायचा, साच्यात प्लॅस्टिक ओततात त्या जागेचा. ती पाकळी उशिरा सुटायची आणि सुटता सुटता गोळीला धक्का देऊन जायची. वहीतली लांब पडलेली प्रत्येक चौथी फोडवाली होती. ती जितकी लांब, तितकी गोळी वाकडी.

आईने हे कंपाससाहेबांना एकदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, बाई, तुम्ही वेचा, विचार करायला आम्ही आहोत. हे तिने आम्हाला सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बरोबरच आहे. मी बस चालवतो म्हणून रस्ता कुठून काढायचा हे मला विचारतात का?" बाबा कारखान्याची बस चालवायचे, आणि कुठल्याही वादळात मान खाली घातली की टोपी उडत नाही यावर त्यांची श्रद्धा होती.

माझी नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत मीही हजेरीला पुटपुटणारी होते, इतकी की बाईंनी माझी दोनदा गैरहजेरी लावली. मग कुणीतरी आजारी पडलं म्हणून मला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, आणि तोंड उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की लोक ऐकतात. खरंच ऐकतात! त्या दिवसापासून मी थांबले नव्हते. वर्गात, बसमध्ये, पाण्याच्या रांगेत मी मत देत होते. बाबा म्हणायचे, नळ दुरुस्त झाला, आता बंद होत नाही.

त्याच सुमाराला मैदानावरचे नोंदणी सहायक निवृत्त व्हायचे होते. त्यांचं काम खड्ड्यातलं नव्हतं, टेबलावरचं होतं. अंतरं, कोन, वेळा मोजून लिहायच्या. जागा आतल्याच माणसांतून भरणार होते आणि माणूस कंपाससाहेब निवडणार होते. आईने अर्ज केला. अर्ज लिहिताना तिने तीन कागद फाडले आणि चौथा माझ्याकडून तपासून घेतला. तिला काही हवंय असं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

आणि मग कळलं की आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुणे म्हणून कंपाससाहेबच येणार आहेत.

मी विषय घेतला तो नळीपेक्षा बारीक गोळीचा. आईने आधी नको म्हटलं, मग ग्रंथालयातल्या पुस्तकात जेवढं छापलंय तेवढंच घ्यायचं या अटीवर हो म्हटलं. मी जुन्या पाइपची नळी केली, खडूची गोळी, औषधाच्या बाटलीचं झबलं कापलं. फुंकर मारली की झबलं उमलायचं आणि खडू पुढे जायचा. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आई बाजारात गेली असताना मी फडताळातून वही काढली आणि तिच्यातले ठिपके मोठ्या कागदावर उतरवले. तिघी निळ्या, चौथी लाल. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "चौथी पाकळी उशिरा का सुटते?" माझा हिशेब सरळ होता. साहेब बघतील, विचारतील हे कुणाचं काम, मी सांगेन, आणि आईला ती खुर्ची मिळेल. तोंड उघडलं की लोक ऐकतात, हे मला ठाऊक झालंच होतं.

साहेब माझ्या टेबलापाशी आले तेव्हा आई मागच्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून उभी होती. टेबलामागे लावलेला तो कागद तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मी फुंकर मारली, खडू उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत. ते कागद बघत होते. एक पाय पुढे, एक मागे, अगदी कंपासासारखे, आणि इतका वेळ की आमच्या मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं.

"हे ठिपके कुठून आणलेस?"

"माझ्या आईने काढलेत. ती रोज वेचते. तुम्हाला सांगितलं पण होतं तिने."

ते आईकडे वळले.  ते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, पोरगी हुशार आहे असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, आणि मग हळू आवाजात मूळ वही जरा बघायला मिळेल का असं विचारलं. वही माझ्या दप्तरातच होती. पुरावा म्हणून आणलेली. मी ती दोन्ही हातांनी दिली.

मला पहिलं बक्षीस मिळालं. रस्त्याने मी एकटीच बोलत होते. कोपऱ्यावर आल्यावर आई थांबली.

"त्यांनी वही मागितली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस का?"

"नाही."

"बघायला हवं होतंस."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी तिला कार्यालयात बोलावलं. तीन माणसं बसली होती, पाणी विचारलं, मग प्रश्न विचारले. चाचणी मैदानाची माहिती मैदानाबाहेर लिहून ठेवलीत का? ठेवली. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मग का? आई म्हणाली, तक्त्यात रकाना नव्हता म्हणून. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. खाली सही मात्र घेतली.

बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. हात दाखवून अवलक्षण, म्हणाले, आणि तेही दुसऱ्याचा हात! मी रडले नाही. मी ठरवलं की अजून नीट बोललं की सगळं सुटेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट कारखान्याच्या फाटकावर गेले आणि साहेबांना भेटल्याशिवाय हलणार नाही असं सांगितलं. त्यांनी मला पाच मिनिटं दिली, बसायला खुर्चीही दिली. मी जे जे पाठ केलं होतं ते सगळं बोलले. आईची अकरा वर्षं, चौथी पाकळी, तो फोड, तक्त्यात नसलेला रकाना. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. खरंच ऐकलं.

"झालं?" ते म्हणाले. "हे बघ बेटा. फोडाचं आमच्या लक्षात होतंच. आणि तुझ्या आईची नोकरी गेली असती, ती मी वाचवली. घरी जाऊन तिला विचार."

मी घरी जाऊन विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? आईची बदली गणवेश भांडारात झाली होती. नवीन कामगारांना हातमोजे आणि बूट मापाने द्यायचे, फाटलेले परत घ्यायचे. मैदानाच्या फाटकातून आत जायचा तिचा बिल्ला काढून घेतला. वही परत आली नाही. नोंदणी सहायकाच्या खुर्चीवर दुसऱ्या विभागातला एक माणूस बसला. आईचा अर्ज नाकारलाही नाही, त्याचं उत्तरच आलं नाही.

दोन महिन्यांनी बाबांनी बसमध्ये ऐकलेली बातमी आणली. साचा बदललाय. ओतायची जागा टोकाला घेतली, फोडच राहत नाही. चारही पाकळ्या आता एकत्र पडतात म्हणे, आणि दहाच्या दहा गोळ्या निशाणावर. कंपाससाहेब यावर कुठेतरी मोठ्या सभेत भाषण देणार आहेत.

"दहाच्या दहा?" आईने विचारलं.

"म्हणतात तसं."

तिने मान हलवली आणि भांडी घासत राहिली. चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते समाधान होतं. मी शपथेवर सांगते, समाधानच होतं, आणि त्याची मला इतकी चीड आली की मी उठून बाहेर गेले.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी एक बाई दारात आली. आईच्याच वयाची, एका हाताला पट्टी. आईच्या जागी वेचायला आता ती होती, आधी पॅकिंगला असायची. आत येऊन बसली तरी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, आता दुसरी गोळी आलीय, आणखी बारीक. झबलं सहा पाकळ्यांचं. पुन्हा वाकडी जातेय. साहेब रोज म्हणतात, बाई, नीट बघून वेचा. तिने आईकडे पाहिलं. "ताई, नीट म्हणजे काय बघायचं? ते त्यांनाही माहीत नाही. तुमचं नाव तिथे कुणी घेत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे."

"सांगू नकोस," मी म्हणाले. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "परत तेच करतील. तुझ्याकडून घेतील आणि भाषण ते देतील. तू कशाला सांगायचंस?"

 आईने त्या बाईच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "हे पाकळीनेच ना?"

"हो."

"तू कुठल्या खड्ड्यात असतेस?"

"उजव्या. तिथेच उभं राहायला सांगितलंय."

"सांगू दे. तू डाव्यात जा. वारा असेल तर डाव्यातही खाली बस, भोंगा होईपर्यंत डोकं वर काढू नकोस." मग तिचा आवाज बदलला, शाळेत, रस्त्यात, आमच्या घरातही मी कधी न ऐकलेला झाला. "आता बघ. पहिल्यांदा बंदुकीपासूनची पावलं. पाऊल आपलंच, लांब टाकायचं नाही, आखूड टाकायचं नाही. मग आतली बाजू बघायची, किती काळी झालीय ती. मग कडा. कड फाटलेली असेल तर ती ओढली गेलीय, सरळ असेल तर आपणहून सुटलीय."

ती बाई घाईघाईने पिशवीत हात घालून कागद शोधू लागली. पेन तिच्या हातात होतं.

आईने ते तिच्या हातातून घेतलं, टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं.

"लिहायचं नाही. पाठ करायचं. म्हण माझ्याबरोबर."

ती म्हणू लागली. पावलं, आतली बाजू, कड. कडेपाशी चुकली, फाटलेली आणि सरळ यांत गोंधळली. आईने तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.